कमी पैशात रोडबाइक घेताय? या चुका टाळा

वीस हजारांत रोडबाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालणारी हलकी सायकल, मिळते का? नाशिकमध्ये जो कुणी नियमित सायकल चालवतो, त्याला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुधा कॉलेजात असतो, नाहीतर सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत नुकताच लागलेला असतो. घरच्या जाड टायरच्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) त्र्यंबकला जाऊन आलेला असतो आणि आता त्याला २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करायची राइड, खुणावत असते. २०१५ साली आपल्या शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जवळपास ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून पूर्ण केली. अशी माणसं गावातच असली की ही इच्छा होणं साहजिकच आहे.

तर, मिळते. मात्र बहुतेक वेळा ती सेकंडहँड असते आणि थोडं थांबावं लागतं. घाई केली की तेच वीस हजार वर्षभरात तीस होतात आणि सायकल गच्चीच्या जिन्याखाली पडून राहते. पैसे नेमके कुठे वाया जातात ते बघू.

वाकडं हँडल म्हणजे रोडबाइक नव्हे

दहा-बारा हजारांत ड्रॉप हँडलची नवी कोरी सायकल ऑनलाइन दिसते. रंग भडक, रिम खोल, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, वर ‘२१ गिअर’ असं ठळक लिहिलेलं. ही घेऊ नका, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. या किमतीत फ्रेम साध्या हाय-टेन स्टीलची असते आणि अख्खी सायकल पंधरा किलोच्या पुढे जाते. डिस्क ब्रेक केबलवर चालणारे आणि हलक्या दर्जाचे असतात, सारखे घासतात. गिअर बदलायचे खटके ब्रेकच्या लिव्हरमध्ये नसतात, हँडलच्या मध्यभागी कुठेतरी बसवलेले असतात. म्हणजे द्वारका चौकातल्या गर्दीत गिअर बदलायचा तर एक हात ब्रेकवरून काढावा लागणार.

गिअरच्या आकड्याला भुलू नका. पुढे तीन, मागे सात म्हणून २१, एवढाच त्याचा अर्थ. मागची सात दातेरी चाकं कशावर बसवलीत ते महत्त्वाचं. स्वस्त सायकलीत ते आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात मागच्या एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) उजव्या टोकाला आधार कमी पडतो. माणूस वजनदार असेल आणि रस्ता खड्ड्यांचा, तर एक्सल वाकतो, कधी तुटतोही. हबलाच जोडलेला फ्रीहब आणि त्यावर सरकवून बसवलेली दातेरी चाकं, म्हणजे कॅसेट, असलेल्या चाकात ही अडचण बरीच कमी होते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘फ्रीव्हील आहे की कॅसेट?’ गडबडीचं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

नवीनच घ्यायची असेल आणि बजेट खरोखर पंधराच्या आत असेल, तर सरळ हँडलची हलकी हायब्रिड घ्या. ॲल्युमिनियम फ्रेम, ७०० सीची, म्हणजे रोडबाइकच्याच मापाची चाकं, रिमवर दाबणारे साधे व्ही-ब्रेक. या सायकलीवर बीआरएम होते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात आणि सायकल रोडबाइकच हवी अशी अट नाही. एक व्यावहारिक गोष्टही लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुना साठा जुन्या दरपत्रकाने कुणी विकत असेल तर बिलावरचा कर वाचून घ्या.

माप

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती चांगली सायकल स्वस्तात मिळाली की हमखास होते. उंची पाच फूट पाच, सायकलची फ्रेम ५६ सेंटिमीटरची. विकणारा म्हणतो, ‘दादा, सीट खाली केली की बसेल तुम्हाला.’ सीट खाली जाते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. हात ताणलेले, मान वर, सगळा भार तळव्यांवर. गंगापूर धरणापर्यंत काही जाणवत नाही. सापुताऱ्याच्या रस्त्याला लागलं की वणीच्या आधीच करंगळ्या बधिर होतात. मग आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आणा, पुढे सरकणारी सीट आणा, फिटिंग करून घ्या, आणि एवढं करूनही सायकल मोठी ती मोठीच.

ढोबळ अंदाज असा: पाच फूट चार ते सहा इंच उंचीला ५० किंवा ५२, पाच फूट सात ते नऊला ५४, त्याहून उंच असाल तर ५६ च्या पुढे. प्रत्येक कंपनीचं मोजमाप थोडं वेगळं असतं, म्हणून आकड्यावर न जाता बसून बघा. पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर वरच्या दांड्यात आणि तुमच्यात दोन बोटं तरी जागा हवी. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. दोन मापांमध्ये अडलात तर लहान घ्या. लहान फ्रेम सीटपोस्ट (सीटखालची नळी) आणि स्टेम बदलून थोडी वाढवता येते, मोठी लहान करता येत नाही.

चेन, टायर, ब्रेक, हँडल, सगळं नंतर बदलता येतं. फ्रेमचं माप बदलता येत नाही. बजेट कमी असलेल्या माणसाने सर्वात आधी यावरच अडून बसावं असं माझं ठाम मत आहे.

सेकंडहँड बघायला जाताना खिशात एक पट्टी ठेवा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या कितीतरी रोडबाइक आजही गॅलरीत टांगलेल्या आहेत. त्यातल्या चांगल्या सायकली अर्ध्या किमतीत, कधी त्याहून कमी पैशात निघतात. शिमानो कंपनीचे गिअर, म्हणजे आठ स्पीडची क्लॅरिस किंवा नऊ स्पीडची सोरा (मागे तेवढी दातेरी चाकं), असलेली ॲल्युमिनियम फ्रेम मिळाली तर सर्वांत उत्तम. सात स्पीडची टूर्नीसुद्धा चालेल. तिच्यात एका दिशेचा गिअर अंगठ्याच्या बटणाने पडतो आणि हँडलच्या खालच्या वाकावर हात असताना ते बटण हाताला येत नाही, एवढं माहीत असू द्या.

फोटोत चकाकणारी सायकल आतून किती चालली आहे हे चेन सांगते. शाळेतली इंचांची साधी पट्टी न्या. चेन ताणलेल्या बाजूला एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचांच्या खुणेवर बरोबर आणखी एका पिनचा मध्य येतो. ती पिन एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली. एक-अष्टमांश गेली असेल तर चेनने कॅसेटचे दातेही खाल्ले, दोन्ही बदलावे लागणार. त्यात दोन टायर आणि केबल धरल्या तर पाच-सहा हजार सहज जातात. हा हिशेब विकणाऱ्यासमोर शांतपणे मांडा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. मोजून दाखवलं की बहुतेक जण ऐकतात.

मग रिम. रिमब्रेकची सायकल असेल तर ब्रेकचा रबर जिथे घासतो त्या कडेवर बोट फिरवा. ती सपाट असावी. आत खोलगट लागली तर रिम झिजलेली आहे, घाटात उतरताना ती धोक्याची. चाक उचलून फिरवा. थोडा आउट असेल तर चांगला मिस्त्री तो काढून देतो, पण एखादी तार सैल आणि शेजारची कडक अशी बरीच गडबड असेल तर त्या चाकाने कुठेतरी मार खाल्लेला आहे.

फ्रेमच्या बाबतीत मात्र तडजोड नको. हेडट्यूब (हँडलखालची आखूड नळी) आणि खालचा दांडा जिथे जुळतो तिथे खालून टॉर्च मारून बघा. रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर सायकल समोरून धडकलेली आहे. बॉटम ब्रॅकेटच्या (बीबी, म्हणजे पेडलच्या क्रँकचा आस फिरतो तो जोड) आसपास केसासारखी रेष दिसली तर नमस्कार करून निघा. सीटपोस्ट वर-खाली करून दाखवायला सांगा. पावसात चाललेल्या सायकलीत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट फ्रेमला इतकी घट्ट धरते की निघतच नाही, आणि मग सीटची उंची तुमच्या मापाला आणताच येत नाही. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सोडा, मधोमध ते अडखळलं तर हँडल जिथे फिरतं तिथली, म्हणजे हेडसेटची, बेअरिंग गेलेली. क्रँक धरून आडवा हलवा, खडखड आली तर बीबी गेला. हे दोन्ही दुरुस्त होतात, फार महागही नाहीत, पण किमतीत धरायला हवेत.

स्वस्तातली कार्बन फ्रेम? नको. तिच्या आतला तडा तुम्हाला-मला दिसत नाही.

चालवून बघताना सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. जवळचा एखादा चढ गाठा आणि जड गिअरवर उभं राहून पेडल मारा. चेन सटकत असेल तर ती तिथेच सटकते.

घाटाचा विचार न करता घेतलेला गिअर

आपल्याकडे कुठल्याही दिशेने निघालं तरी चढ आहेच. कसाऱ्याला तर जाताना उतार आणि परतीला घाट, म्हणजे पाय थकल्यावर चढ. जुन्या रेसिंग सायकलींत पुढे ५२ आणि ४२ दात्यांची चाकं आणि मागे जेमतेम २४ दात्यांपर्यंत असतं. अशी सायकल कमी किमतीत मिळते, दिसायला सुंदर असते आणि नवशिक्याचे गुडघे दुखवते. पुढे ५०-३४ आणि मागे निदान २८ बघा. ३२ करायचं असेल तर मागचा डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लाँग केजचा, म्हणजे लांब पट्टीचा, आहे का ते आधी तपासा, नाहीतर तोही बदलावा लागेल.

टायरचंही तसंच. २३ मिलिमीटरच्या बारीक टायरात शंभरच्या आसपास पीएसआय हवा लागते आणि त्र्यंबक-इगतपुरीकडचे पावसाळ्यानंतरचे रस्ते त्यावर सहन होत नाहीत. २८ चे टायर बसतील एवढी फ्रेममध्ये जागा आहे का, ते करंगळी घालून बघा.

सगळे पैसे सायकलीतच घालवणं

वीस हजार असतील तर सायकलीला सोळा-सतरा. बाकीच्यात हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, दोन जादा ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप आणि कुलूप. ट्यूब आणि पंप नंतर घेऊ असं म्हणू नका. बऱ्याच रोडबाइकना प्रेस्टा वॉल्व्ह असतो, बारीक आणि लांब. पेट्रोल पंपावरची हवा त्याला लागत नाही आणि गिरणारे किंवा घोटीच्या पंक्चरवाल्याकडे ती ट्यूब मिळेलच असं नाही. अगदी कमी पैशात पितळी ॲडॉप्टर मिळतो, तो आजच घेऊन ठेवा.

फसवणूक

‘मी आर्मीत आहे, देवळालीहून बदली झालीय, सायकल ट्रान्सपोर्टने पाठवतो, थोडा ॲडव्हान्स टाका.’ देवळालीला लष्कराची छावणी असल्याने नाशिककराला हे खरं वाटतं आणि भामटे त्याचाच फायदा घेतात. प्रत्यक्ष सायकल पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. तुम्ही तुमची जुनी सायकल विकत असाल तर पैसे येण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तसं सांगणारा तुमच्या खात्यातून पैसे काढणार आहे. बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम नंबर बिलाशी जुळवा. बिल हरवलं असेल तर विकणाऱ्याकडून नंबर टाकून, सही करून कागद घ्या. चोरीची सायकल निघाली तर पैसे आणि सायकल दोन्ही जातात.

घेतल्यावर येणाऱ्या तक्रारी

ब्रेकचे रबर आणि केबल लगेच बदला, जुने कितीही बरे दिसले तरी. नव्या केबल सुरुवातीला थोड्या सैलावतात, त्यामुळे आठवड्याभरात चेन मोठ्या दातेरी चाकावर चढायला कुरकुर करते. मागच्या डिरेलरला केबल जिथे शिरते तिथला गोल खटका मागून बघत डावीकडे पाव वळसा फिरवा, फरक पडला नाही तर आणखी पाव. तीन-चारदा करूनही जमत नसेल तर डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती हँगर बहुधा वाकलेली असते. ती दुकानात सरळ करून घ्यावी, हाताने वाकवायला जाऊ नये.

सारखी पंक्चर होत असेल तर ट्यूब फेकण्याआधी छिद्र बघा. शेजारी-शेजारी दोन छिद्रं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. बाहेरच्या बाजूला एकच छिद्र म्हणजे काटा किंवा काच. ती अजून टायरमध्ये असू शकते, म्हणून टायरच्या आतून कापड फिरवा, अडकेल तिथे बाभळीच्या काट्याचं टोक सापडेल. छिद्र आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे आणि तारेच्या भोकाची कड ट्यूब कापते आहे. टेप बदला.