नाताळातल्या हॉलिवूडपटांचा अंदाज कसा बांधावा

डिसेंबर लागला की मी एक वही काढतो. अमेरिकेत नाताळच्या सुट्टीत लागणाऱ्या प्रत्येक मोठ्या पिक्चरसमोर तिच्यात तीन रकाने आखतो: पिक्चर चांगला असेल का, गल्ला किती जमेल, ऑस्करला काय हाती लागेल. अंदाज चुकतात ते बहुतेक वेळा हे रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे. ट्रेलर आवडला म्हणून पिक्चर चालेल असं धरलं जातं, आणि चालला म्हणून ऑस्करही मिळेल असं.

2017 च्या डिसेंबरातला ‘द ग्रेटेस्ट शोमन’ घ्या. समीक्षकांची मतं विभागलेली होती. पहिल्या वीकेंडला जेमतेम 88 लाख डॉलर जमले. पण अमेरिका आणि कॅनडा मिळून शेवटचा आकडा 17 कोटी डॉलरच्या पुढे गेला. ऑस्करचं नामांकन मात्र एकच मिळालं, तेही गाण्यासाठी. पिक्चर एक, उत्तरं तीन.

पायरी 1: आधी कॅलेंडर

नाताळ कोणत्या वारी आहे, हे ट्रेलर पाहण्याआधी बघा. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी थिएटरं ओस पडतात आणि पाडवा-भाऊबीजेला घरंच्या घरं पिक्चरला निघतात. तिकडे 24 डिसेंबरची संध्याकाळ अशीच थंड असते. 25 ला दुपारपासून गर्दी सुरू होते आणि मग 1 जानेवारीपर्यंत, शाळा बंद असल्यामुळे, मंगळवार-बुधवारही शनिवारसारखे जातात. म्हणून नाताळच्या आदल्या शुक्रवारी लागलेल्या पिक्चरचं ओपनिंग लहान दिसतं. लोक तेव्हा खरेदीत आणि प्रवासात असतात.

एरवी पहिला वीकेंड पाहून निकाल सांगता येतो. या पंधरवड्यात तसा सांगू नये.

पायरी 2: गुणक काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकूण देशांतर्गत, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या, कमाईला पहिल्या वीकेंडच्या कमाईने भागलं की गुणक मिळतो. उन्हाळ्यात लागणाऱ्या मोठ्या पिक्चरचा गुणक साधारण अडीच ते तीन असतो. डिसेंबरात तो कुठल्या कुठे जातो. ‘टायटॅनिक’ 19 डिसेंबर 1997 ला लागला, पहिल्या वीकेंडला 2.86 कोटी डॉलर आले आणि शेवट 60 कोटींवर झाला. गुणक 21. ‘शोमन’चा जवळपास 20. हे अपवादच, पण 2022 च्या ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’ने 13.4 कोटींच्या ओपनिंगवर 68 कोटी केले, म्हणजे पाचपट.

गुणक कोणाला मोठा मिळतो? जो पिक्चर आजी, आई-वडील आणि नातवंडं एका रांगेत बसून पाहू शकतात, त्याला. ज्याचे चाहते महिनाभर आधीपासून तिकिटं काढून बसलेले असतात, त्याला मिळत नाही, कारण त्याची गर्दी आधीच येऊन गेलेली असते. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ 2021 मध्ये 26 कोटींवर उघडला आणि 80 कोटींवर थांबला. रक्कम प्रचंड, गुणक मात्र तीनच्या आसपास.

2024 चं उदाहरण मला फार आवडतं. 20 डिसेंबरला ‘सॉनिक द हेजहॉग 3’ आणि ‘मुफासा: द लायन किंग’ एकाच दिवशी लागले. पहिल्या वीकेंडला सॉनिक 6 कोटी, मुफासा 3.5 कोटी. ‘मुफासा पडला’ असं लगेच बोललं गेलं. पुढे मुफासाने अमेरिका-कॅनडात 25 कोटी ओलांडले आणि सॉनिक साडेतेवीस कोटींच्या जवळ थांबला. माझ्या मते कारण सरळ आहे: सॉनिकचे चाहते शुक्रवारीच धावले, तर लहान मुलांना घेऊन येणाऱ्या घरांना नाताळ उरकायचा होता.

आता तुमचा आकडा काढा. समजा, ओपनिंग 4 कोटी डॉलर होईल असं वाटतंय. कुटुंबाचा पिक्चर असेल तर साडेचार ते सहाने गुणा, म्हणजे 18 ते 24 कोटी. चाहत्यांचा असेल तर तीन ते साडेतीनने. वहीत एकच आकडा लिहू नका, पल्ला लिहा.

फायद्याचा हिशेब निराळा. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेला नसतो. त्यामुळे जगभरची कमाई बजेटच्या अडीचपट झाली की निर्माता सुटला, असा ढोबळ ठोकताळा वापरतात.

पायरी 3: दर्जाच्या खुणा वाचा

समीक्षा कधी खुल्या होतात, म्हणजे समीक्षकांना त्या छापायची मुभा स्टुडिओ कधी देतो, ते पाहा. स्टुडिओला भरवसा असेल तर आठवडा-दोन आठवडे आधी होतात. आदल्या दिवसापर्यंत दाबून ठेवल्या तर सावध व्हावं, मात्र रहस्य फुटू नये म्हणूनही असं करतात.

टक्केवारी वाचताना घोटाळा होतो. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवरचे 90 टक्के म्हणजे शंभरात नव्वद समीक्षकांचं मत अनुकूल, पिक्चरला शंभरपैकी नव्वद गुण नव्हे. ‘बरा आहे’ म्हणणारे नव्वद जण असले तरी आकडा तोच येतो. मेटाक्रिटिक ही दुसरी वेबसाइट समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढते, म्हणजे काहींच्या गुणांना जास्त वजन देते. दोन्ही शेजारी ठेवा: पहिला मोठा आणि दुसरा मध्यम असेल, तर पिक्चर कोणाला खुपणार नाही, पण कोणी जीवही टाकणार नाही.

काम वेळेत संपलं होतं का, हेही शोधा. 2019 चा ‘कॅट्स’ थिएटरात लागल्यावर सुधारित व्हीएफएक्सची (व्हिज्युअल इफेक्ट्सची) नवी प्रत पाठवावी लागली होती. नुसती तारीख पुढे गेली म्हणून मात्र घाबरू नका. ‘टायटॅनिक’ मुळात जुलैत यायचा होता.

पिक्चर लागल्यावर सिनेमास्कोअर बघा. ही कंपनी पहिल्या रात्री प्रेक्षकांना कार्ड देऊन ए प्लस ते एफ अशी श्रेणी भरून घेते. माउथ पब्लिसिटीचा याहून लवकर हाती येणारा अंदाज मला माहीत नाही. ‘शोमन’ला ए होता, ‘कॅट्स’ला सी प्लस. तरी ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ला 2013 च्या नाताळात सी मिळूनही तो अमेरिकेत 11 कोटी डॉलरच्या वर गेला. सुट्टीचा जोर असा असतो.

पायरी 4: ऑस्करसाठी वेगळे डोळे

त्या वर्षासाठी पात्र ठरायला पिक्चर 31 डिसेंबरच्या आत लागावा लागतो. म्हणून काही पिक्चर नाताळाला मोजक्या थिएटरांत दाखवतात आणि जानेवारीत देशभर पसरवतात. ‘अमेरिकन स्नायपर’ 2014 च्या नाताळाला फक्त चार थिएटरांत होता. जानेवारीत सगळीकडे लागल्यावर पहिल्याच वीकेंडला त्याने जवळपास 9 कोटी केले. असा पिक्चर दिसला की दुसरी पायरी त्याला लावू नका.

डिसेंबर म्हणजे ऑस्करचा महिना, हा समज मात्र सोडायला हवा. 2021 ते 2024 चे सर्वोत्कृष्ट चित्रपट ऑगस्ट, मार्च, जुलै आणि ऑक्टोबरात लागलेले होते. शर्यत व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरंटोच्या महोत्सवांत, म्हणजे ऑगस्टअखेर-सप्टेंबरातच आकार घेते. तिथे न दिसलेला पिक्चर डिसेंबरात येऊन जिंकणं कठीण, अशक्य नव्हे: ‘1917’ 2019 च्या नाताळाला आला आणि त्याला दहा नामांकनं मिळाली.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीत नामांकनं शाखानिहाय ठरतात, छायाचित्रकारांना छायाचित्रकार निवडतात. त्यामुळे तुफान चाललेल्या पिक्चरची जागा बहुधा व्हिज्युअल इफेक्ट्स किंवा ध्वनीत असते. ‘नो वे होम’ला एकच नामांकन होतं, इफेक्ट्सचं. डिसेंबरच्या मध्यावर अकादमी काही विभागांच्या लघुयाद्या जाहीर करते. गाणं, संगीत, इफेक्ट्स, ध्वनी यांचे अंदाज ती यादी पाहूनच लिहा, नाहीतर स्पर्धेत नसलेल्या गाण्यावर पैज लागेल.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मतदार पसंतीक्रम भरतात. काहींना अतिशय आवडलेला आणि काहींना अजिबात न रुचलेला पिक्चर तिथे मागे पडतो. बहुतेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेला वर चढतो. निर्मात्यांच्या संघटनेचा पुरस्कारही याच पद्धतीने ठरतो, म्हणून त्याला गोल्डन ग्लोबपेक्षा जास्त वजन द्या. ग्लोबचे मतदार पत्रकार असतात, अकादमीचे सभासद नसतात. तरीही ‘1917’ने निर्मात्यांचा आणि दिग्दर्शकांचा, दोन्ही पुरस्कार जिंकले आणि ऑस्कर ‘पॅरासाइट’ने नेला. म्हणून त्या रकान्यात मी नेहमी दुसरं नावही लिहितो.

पायरी 5: तारखा टाका

प्रत्येक अंदाजापुढे तो कधी केला आणि कशावरून केला, ते एका ओळीत लिहा. गल्ल्याचा रकाना पहिल्यांदा 2 जानेवारीला तपासा, मग शाळा सुरू झाल्यानंतरच्या वीकेंडला. त्या वीकेंडची घसरण निम्म्याहून कमी असेल, तर आकडा वरच्या टोकाकडे सरकवा. ऑस्करचा रकाना जानेवारीत नामांकनं आल्यावर एकदा आणि निर्मात्यांचा पुरस्कार जाहीर झाल्यावर पुन्हा एकदा उघडा. जुनं खोडू नका, नवा अंदाज खाली लिहा.