५.१ मिक्सला बसण्याआधी चॅनल तपासून घ्या

रीपर या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ५.१ मिक्स (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) करायचा तर ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे संगणकाला स्पीकर जोडणाऱ्या उपकरणाला, सहा स्वतंत्र लाइन आउट हवेत. कधी कधी हेडफोनचं आउटपुटही धरून आउटपुटचा आकडा फुगवलेला असतो, तेव्हा मागचे जॅक स्वतः मोजा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हरच (सॉफ्टवेअरला इंटरफेसशी थेट जोडणारा ड्रायव्हर) टाका.

मग एकेका चॅनलला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खरखरीत आवाज) सोडा आणि तो नेमक्या त्याच स्पीकरमधून येतोय का, ते उठून जवळ जाऊन ऐका. ही पायरी अजिबात टाळू नका. नेहमीचा क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (सबवूफरचा चॅनल), मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमाच्या जुन्या क्रमात मधला दुसरा येतो आणि एलएफई शेवटी. तशी फाइल सरळ वाजवली की मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज सबवूफरमध्ये जातो!

घरच्या खोलीत मागचे स्पीकर बहुधा कानाच्या फार जवळ येतात. टेपने अंतर मोजा. आवाजाला एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणून समोरच्या स्पीकरपेक्षा ६० सेंटीमीटर जवळ असलेल्या स्पीकरला साधारण १.७ मिलिसेकंदांचा डिले (उशीर) द्या. लेव्हल त्यानंतर जुळवा. आणि हा डिले फक्त ऐकण्यापुरता. फाइल रेंडर करताना, म्हणजे मिक्सची अंतिम फाइल बनवताना, तो बंद करायचा.