स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) करताना मान आणि मनगट कसं सांभाळायचं

डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करून मी कामाला लागले, त्याला आता 16 वर्षं झाली. सहाव्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायला लागली की भाकरी थापता येईना, ओला टॉवेल पिळता येईना. रात्री बोटं बधिर होऊन जाग यायची. हात झटकला की जरा बरं वाटायचं. मनगटातली नस दाबली जातेय, अंगठ्याच्या शिरेलाही सूज आहे, असं निदान झालं आणि दीड महिना हाताला स्प्लिंट आला. तेव्हापासून माझी कामाची पद्धत पार बदलली. नव्या मुली मी करायचे त्याच चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितेय.

पेशंट आत यायच्या आधी आपलं स्टूल लावा. माझी उंची पाच फूट. स्टूल डॉक्टरांच्या उंचीला लावलेलं असायचं आणि मी तशीच त्याच्या टोकावर बसून, टाचा अधांतरी ठेवून दिवस काढायचे. तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या हव्यात, पाठीला आधार हवा आणि दंड अंगालगत. एवढं झालं की मग चेअर वर-खाली करून पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला आणायचं. डोळ्यांपासून दातांपर्यंत साधारण 35 ते 40 सेंटीमीटर अंतर राहतं.

आता खरी अडचण. पेशंटला मान वळवायला सांगायचा आपल्याला संकोच वाटतो. समोर आजोबा असले की जास्तच. मग त्यांची मान सरळ राहते आणि आपली वाकडी होते, तीही प्रत्येक पेशंटमागे अर्धा-पाऊण तास. मी आता सुरुवातीलाच सांगते, "आजोबा, मधे मधे तुम्हाला मान वळवायला सांगेन, म्हणजे काम लवकर होईल." मग हेडरेस्ट सैल करायचं आणि, "माझ्याकडं वळा... अजून थोडं... हां, असंच राहू द्या." आजवर कुणीही रागावलेलं नाही. वरच्या दातांसाठी पेशंट पूर्ण आडवा आणि हनुवटी वर. खालच्यांसाठी चेअरची पाठ जराशी उचलून हनुवटी छातीकडे. आपण घड्याळाच्या काट्यासारखं डोक्याभोवती फिरायचं, उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी साधारण नऊ ते बारा. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू करताना मी थेट बाराला, डोक्यामागे बसते. वरच्या दाढांची टाळूकडची बाजू वाकून बघू नका, मिररमध्ये बघा. सवय व्हायला महिना लागतो, पण तो द्याच. दम लागणारे पेशंट किंवा दिवस भरत आलेल्या बायका आडव्या होऊ शकत नाहीत. त्यांचं काम आपण सरळ उभं राहून करावं.

अंगठ्याचा जीव घेते ती बोथट क्युरेट, म्हणजे कीटण खरवडायचं हाताचं अवजार. धार गेली की कीटण निघत नाही, पातं त्यावरून नुसतं घसरतं, आणि आपण नकळत जोर वाढवतो. प्लास्टिकच्या टेस्ट स्टिकवर पातं टेकवून बघा: धार असेल तर ते जागीच रुततं, नसेल तर सरकतं. मी दगड हाताशीच ठेवते, ऑटोक्लेव्ह केलेला (वाफेने निर्जंतुक केलेला), आणि पेशंटच्या मधेही धार लावून घेते. दांडा पेन्सिलीसारखा बारीक नको. 10 मिलिमीटर जाड आणि 15 ग्रॅमच्या आतला असला की पकड आपोआप सैल राहते. अनामिका दातावर टेकवून, कुलपात किल्ली फिरवावी तसा मनगटासकट हात फिरवायचा. नुसत्या बोटांनी ओढलं की संध्याकाळपर्यंत अंगठा बोलायला लागतो. आणि एका ओढीनंतर दुसरी घेण्याआधी पकड ढिली सोडायची.

जाड कीटण आधी अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कंपनांनी कीटण फोडणाऱ्या मशीनने काढून घ्या, हाताने झुंजू नका. मात्र त्याची टीप, म्हणजे पुढचं टोक, तपासत जा. दोन मिलिमीटर झिजली की तिची ताकद निम्म्यावर येते आणि उरलेलं काम आपलं मनगट करतं. केबल लोंबकळत सोडली तर तिचं वजन हँडपीसला मागे ओढत राहतं. एक वेढा हातावरून घेतला की तो ताण जातो. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांसाठी एकाच मापाचे ग्लोव्हज मागवतात. अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट बसणारा ग्लोव्ह दिवसभर आपल्या विरुद्ध ओढत असतो. आपलं माप मागून घ्या, मागण्यात काही गैर नाही.

दोन पेशंटच्या मधे खांदे मागे घ्यायचे, बोटं ताणून सोडायची; अर्धं मिनिट पुरतं. बोटं रात्री बधिर व्हायला लागली तर बाम चोळत बसू नका, त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिकला दाखवा. मी चार महिने बाम चोळला.

आणि अपॉइंटमेंट घेणाऱ्या ताईंशी एकदा नीट बोला. पहिल्या तपासणीतच मी पेशंटच्या कार्डावर "कीटण जास्त" असं लिहून ठेवते. तशा दोन कार्डांच्या मधे त्या आता एक साध्या तपासणीचा पेशंट घालतात.