फिल्टर सारखा तुंबायचा, दोष निघाला पिंपाच्या झाकणात

गॅरेजमध्ये माझं घरगुती सुतारकाम चालतं. भुसा ओढून घेणाऱ्या यंत्राची, म्हणजे डस्ट कलेक्टरची, ओढ मंदावली, घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर आठ दिवसांत तुंबू लागला, आणि सायक्लोनखालचं (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणाऱ्या भागाखालचं) पिंप जवळपास रिकामंच. खरी खूण ती शेवटची.

फिल्टर झटकला, मग नवा आणला, मोटर तपासून घेतली. पैसे गेले, भुसा तिथेच.

मशीन चालू असताना त्या पिंपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. झाकणाला बारीक फट असली तरी हवा आत घुसते, खाली बसू पाहणारा भुसा उचलते आणि सरळ फिल्टरवर नेऊन टाकते.

मशीन चालू ठेवून झाकणाच्या कडेला चिमूटभर टाल्कम पावडर सोडली. (उदबत्ती नको, भुशाजवळ विस्तव कशाला?) एका कोपऱ्यात पावडर आत ओढली गेली. प्लग काढला, जुनं गॅस्केट (झाकणाची फट बुजवणारी पट्टी) खरवडलं, कडा कोरड्या फडक्याने पुसल्या, फोमची चिकटपट्टी फिरवली. तिची टोकं तिरपी कापून एकमेकांवर घेतली, नाहीतर तिथेच फट राहते. झाकण आवळून पुन्हा पावडर. या वेळी हलली नाही.

मगच फिल्टर अंगणात नेला. मास्क लावून, कॉम्प्रेसर २ बारवर ठेवून, वीतभर अंतरावरून स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे हवा मारली. माझ्या यंत्रात म्हणजे बाहेरून आत. नोझल टेकवलं तर घड्या फाटतात.

आता भुसा पिंपात पडतो. दोन तृतीयांश भरलं की रिकामं करतो.