स्वप्नात असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कसं ओळखावं

गोव्यात फोंड्याजवळच्या कवळे मठाला ज्यांचं नाव आहे, त्या गौडपादाचार्यांनी माण्डूक्य उपनिषदावरच्या कारिकांत (श्लोकांत) ‘वैतथ्य’, म्हणजे मिथ्यापणा, हे प्रकरण स्वप्नाच्या दाखल्यावर उभं केलं आहे. पाहताना स्वप्नही खरंच वाटतं. मग जागेपणी दिसणारं खरं कशावरून? तिबेटी बौद्धांकडे तर हा साधनेचाच भाग. नारोपा या बौद्ध गुरूंच्या सहा योगांत एक स्वप्नयोग आहे: स्वप्न ओळखायचं, मग ते बदलायचं आणि पुढे त्यातच ध्यान करायचं.

स्वप्नात असतानाच ते ओळखता येतं, याचा प्रयोगशाळेतला पुरावा १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात मिळाला. स्वप्नांच्या झोपेत अंगाचे स्नायू सैल पडतात, डोळे मात्र हलतात. म्हणून कीथ हर्न आणि ॲलन वर्स्ली यांनी आधीच खूण ठरवली: स्वप्न ओळखलं की डोळे ठरावीक वेळा डावीकडे-उजवीकडे. वर्स्ली यांनी झोपेतून दिलेली ती खूण यंत्राने टिपली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्मरणावर आधारलेली पद्धत बसवली. घरी करायला तीच सोयीची.

सुरुवात वहीपासून करा. जाग आल्यावर कूस न बदलता, डोळे मिटूनच स्वप्न शेवटाकडून मागे आठवा आणि मग लिहा. हालचाल केली की ते विरतं. दोन-तीन आठवड्यांत काही गोष्टी परत परत आलेल्या दिसतील: जुनी शाळा, चुकलेली फेरीबोट, वारलेली आजी. त्यांच्याखाली रेघ मारा. याच तुमच्या खुणा. स्वप्नं आठवतच नसतील तर पुढचं काही साधणार नाही, त्यामुळे इथे घाई नको.

आपण जागे आहोत की स्वप्नात, याची दिवसा पाच-सात वेळा परीक्षा घ्या. कदंबच्या बसची पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. किंवा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा; स्वप्नात तो घेता येतो. सवयीने उरकलेली परीक्षा मात्र फुकट जाते. ‘मी इथे कसा आलो?’ असा खरा संशय मनात यायला हवा.

मुख्य प्रयोग पहाटेचा. स्वप्नांची झोप साधारण दर दीड तासाने येते आणि सकाळकडे लांबत जाते. रात्री ११ ला झोपलात तर गजर ४ चा लावा. उठून दहा-पंधरा मिनिटं वही वाचा, मोबाइल नको. मग आडवे होऊन शेवटचं स्वप्न आठवा, त्यातली खूण दिसताच आपण ते ओळखतो आहोत असं मनात पाहा आणि म्हणा, ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल.’ असं म्हणतच झोप लागू द्या. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजेपर्यंत दोनेक तास मिळतात. झोपच येईना तर उठून बसण्याचा वेळ कमी करा.

रात्री फेणी किंवा हुर्राक घेतली असेल तर त्या रात्री नाद सोडा. दारूने स्वप्नांची झोप विस्कटते. आठवड्यातून दोनदाच गजर लावा, नाहीतर झोपमोड होऊन दिवस जड जातो. भास होण्याचा किंवा वास्तवाचं भान सुटण्याचा मानसिक आजार असलेल्यांनी हे करूच नये. कधी जाग येऊनही अंग हलत नाही, छातीवर दाब वाटतो. तो स्नायूंचा सैलपणा थोडा उशिरा ओसरत असतो. शांत श्वास घेत राहा, थोड्या वेळात अंग मोकळं होतं.

स्वप्न ओळखलं की आनंदाने उसळू नका, लगेच जाग येते. तळहात एकमेकांवर चोळा, पायाखालची जमीन नीट पाहा. चित्र स्थिरावल्यावर लहानसा बदल करा: दार उघडा, दिवा लावा. वारंवार भयस्वप्नं पडणाऱ्यांना याचा मोठा आधार होतो. पाठलाग करणाऱ्याकडे वळून ‘काय हवंय?’ असं विचारता येतं. नुसतं उडत फिरण्यापेक्षा काही क्षण स्थिर बसून ‘हे पाहणारा कोण?’ हे शोधणं आमच्या मते जास्त मोलाचं आहे.

जाग आली असं वाटल्यावरही एकदा नाक धरून पाहा. उठून वहीत लिहितो आहोत, हेही पुष्कळदा स्वप्नच असतं.