मृगाआधी घर आणि गोठ्याच्या बोर्डात आरसीसीबी बसवा, अर्थिंग तपासा

रोहिणी नक्षत्र लागले की बियाण्याची जमवाजमव, गोठ्यावरचे पत्रे ठोकणे, कडबा झाकणे आणि बांधावरची कामे उरकण्याची घाई सुरू होते. या यादीत आणखी एक काम याच पंधरवड्यात बसवावे, अशी कळकळीची विनंती आहे. ते काम म्हणजे घराच्या, गोठ्याच्या आणि मोटरपेटीच्या वीजजोडणीत करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारे साधन बसवणे, ज्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात आणि जुने वायरमन आजही ईएलसीबी म्हणतात. पाऊस सुरू झाला की भिंती ओलावतात, पत्र्याच्या खिळ्यातून पाणी वायरवर उतरते, उंदरांनी कुरतडलेली केबल चिखलात पडते, आणि कोरड्या दिवसांत निमूट असलेला दोष त्याच आठवड्यात डोके वर काढतो.

बऱ्याच घरांत ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही’ असे ऐकायला मिळते, आणि इथेच मोठा गैरसमज आहे. एमसीबी किंवा फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवणे हे त्याचे काम नाही. ओल्या हाताने, अनवाणी पायाने उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. दहा मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तिसाच्या पुढे प्रवाह टिकून राहिला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. १६ अँपिअरचा एमसीबी मात्र १६,००० मिलिअँपिअर वाहून नेण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे माणूस तारेला चिकटलेला असतानाही त्याच्या दृष्टीने एखादा बल्ब जास्त लागला एवढेच घडलेले असते.

आरसीसीबीचे काम निराळ्या तत्त्वावर चालते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत यायला हवा, या एकाच हिशेबावर त्याची नजर असते. दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका लोखंडी कड्यातून जातात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहात फरक पडला, म्हणजे काही प्रवाह माणसाच्या, जनावराच्या किंवा ओल्या भिंतीच्या वाटेने जमिनीत उतरला, तर ३० मिलिअँपिअरचे साधन ०.३ सेकंदाच्या आत आणि मोठी गळती असेल तर त्याहून कितीतरी लवकर दोन्ही तारा तोडते. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी: एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली गेली, तर जमिनीत काहीच जात नाही, हिशेब जुळलेलाच राहतो आणि साधन सुटत नाही, म्हणजे पुरवठा तोडत नाही. शॉर्टसर्किट आणि जादा भारही त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी काढून त्याजागी आरसीसीबी बसवू नये. दोन्ही हवेत, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ घ्यावा.

गोठ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे आपण सर्वांत बेफिकीर असतो. जनावराचे खूर ओल्या शेणामुताच्या जमिनीत असतात, पायात चप्पल नसते, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे असल्याने नुसत्या जमिनीतल्या गळतीनेही त्याच्या छातीतून प्रवाह जाऊ शकतो. माणसासाठी ५० व्होल्टपर्यंतचा स्पर्श-दाब (हात लागलेल्या वस्तूवरचा व्होल्टेज) सहसा धोक्याचा धरत नाहीत. जनावरांच्या जागी ही मर्यादा २५ व्होल्टवर आणावी असे आंतरराष्ट्रीय मानकांत मानले गेले आहे. गेल्या आषाढात आमच्याच गोठ्यात एक म्हैस हौदाशी यायला बिचकू लागली. तोंड पाण्याला लावायची आणि मान झटकून मागे सरायची. दूधही कमी झाले. आम्ही दोन दिवस तोंडाचा आजार समजून औषधे शोधत राहिलो. तिसऱ्या दिवशी मल्टिमीटरचे एक टोक हौदाशेजारच्या लोखंडी खांबाला आणि दुसरे ओल्या फरशीला लावले, तर ३५ व्होल्ट दिसले. कडबाकुट्टीची केबल त्या खांबाला तारेने बांधलेली होती आणि बांधलेल्या जागीच तिचे आवरण कापले गेले होते. मी रबरी चप्पल घालून त्या खांबाला रोज टेकत होतो आणि मला काहीच जाणवले नव्हते. फ्यूज तर शेवटपर्यंत शाबूत होता. जनावर पाण्याला, दावणीला किंवा ठरावीक जागी उभे राहायला नकार देत असेल, तर पशुवैद्यकाला बोलावतानाच वायरमनलाही बोलवावे.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. घरातल्या आणि गोठ्यातल्या प्लगसाठी संवेदनशीलता ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. १०० किंवा ३०० चे साधन आग टाळायला उपयोगी पडते, हात लागलेल्या माणसासाठी ते उशिराचे ठरते. दुसरे, साधनाचा अँपिअर आकडा त्याच्या आधीच्या मेन एमसीबीइतका किंवा त्याहून मोठा असावा. ३२ अँपिअरच्या मेनमागे ४० चा आरसीसीबी चालतो, २५ चा चालत नाही. तिसरे, त्यावर भारतीय मानक आयएस १२६४० आणि आयएसआयची खूण असावी. शक्य असेल तर घराला एक आणि गोठ्याला वेगळा असे दोन आरसीसीबी बसवावेत, म्हणजे पहाटे गोठ्यातल्या हीटरच्या रॉडमुळे पुरवठा सुटला तरी घर अंधारात जात नाही. विहिरीवरच्या किंवा बोअरच्या तीन फेज मोटरला लांब केबल असल्याने थोडी गळती नेहमीच असते, त्यामुळे तिथे ३० चे साधन विनाकारण सुटत राहते. तिथे १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा चार पोलचा आरसीसीबी स्टार्टरच्या आधी बसवावा. न्यूट्रल नसलेल्या तीन तारांच्या जोडणीत टेस्टचे बटण चालावे म्हणून तारा कोणत्या पोलांना घ्यायच्या, हे डब्यातल्या माहितीपत्रकात दिलेले असते आणि वायरमनने ते वाचणे आवश्यक आहे.

अर्थिंगशिवाय आरसीसीबी अर्धेच काम करतो. अर्थिंग असेल तर मोटरच्या किंवा गिझरच्या अंगावर करंट आल्याक्षणी तो जमिनीत उतरतो आणि कोणी हात लावण्याआधीच पुरवठा तुटतो. अर्थिंग नसेल तर साधन कोणाचा तरी हात लागेपर्यंत वाट पाहते. केवळ अर्थिंगच्या भरवशावर १६ अँपिअरचा एमसीबी झटकन पाडायचा तर ८० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह जमिनीत जावा लागतो, म्हणजे संपूर्ण वाटेचा रोध तीन ओहमपेक्षा कमी हवा, आणि मुरमाड किंवा खडकाळ जमिनीतला आपला खड्डा तितका चांगला क्वचितच असतो. याउलट ३० मिलिअँपिअरचे साधन अर्थिंगचा रोध काही शे ओहम असला तरी सुटते. याचा अर्थ अर्थिंग कसेही चालेल असा घेऊ नये. भिंतीपासून दीड मीटर दूर, अडीच मीटर लांबीचा ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळे, आणि पाइपापासून बोर्डापर्यंत मध्ये कुठेही पीळ मारून न जोडलेली अखंड तार, एवढे तरी असावे. खडक लागून खोली मिळाली नाही तर दोन पाइप निदान अडीच मीटर अंतरावर घालून एकमेकांना जोडावेत. गोठ्यातले लोखंडी खांब, दावणीच्या नळ्या आणि पाण्याचा पाइपही याच अर्थिंगला जोडून घ्यावेत. अर्थिंगचा रोध मोजायचा तो आत्ता, जमीन कोरडी असताना. भर पावसात मोजलेला आकडा चांगलाच दिसतो आणि उन्हाळ्यात दगा देतो.

न्यूट्रल नसताना अर्थिंगच्या तारेवर दिवे किंवा मोटर चालवण्याची सवय अनेक वस्त्यांवर आहे. ती तातडीने सोडावी. अशा वेळी दिव्यातून गेलेला सगळा प्रवाह त्या पाइपातून जमिनीत जातो, खड्ड्याभोवतालच्या जमिनीत करंट उतरतो, आणि तार कुठे तुटली तर तिच्याशी जोडलेली प्रत्येक लोखंडी वस्तू २३० व्होल्टवर जाते. आरसीसीबी बसवल्यावर असा दिवा लागणारच नाही, आणि तो लागत नाही म्हणून साधन खराब आहे असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

पहिल्या पावसानंतर साधन वारंवार सुटू लागले, तर खरी कसोटी तेव्हा लागते. अनेक ठिकाणी त्या रात्री कोणीतरी दोन तारा थेट जोडून आरसीसीबी बाजूला काढतो आणि पावसाळाभर तो तसाच राहतो. असे करू नये. सर्व एमसीबी खाली करावेत, सर्व प्लग सॉकेटमधून उपसून काढावेत, मग आरसीसीबी वर करून एकेक एमसीबी आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्याच्यापाशी तो सुटेल तिथे दोष आहे. बहुतेक वेळा तो हीटरच्या रॉडमध्ये, गिझरच्या एलिमेंटमध्ये, अंगणातल्या दिव्याच्या ओल्या होल्डरमध्ये किंवा कडबाकुट्टीच्या केबलमध्ये सापडतो. सगळे एमसीबी खाली असूनही साधन टिकत नसेल, तर न्यूट्रलची तार कुठेतरी ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगला लागलेली असते, कारण एकपोली एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. हा शोध वायरमनकडे सोपवावा आणि तोवर ते सर्किट बंद ठेवावे. जोडणी नवी असतानाच साधन सुटत असेल, तर आरसीसीबीपुढची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळली आहे का, हे आधी पाहावे.

पत्र्याच्या घरात वायर पत्र्याच्या भोकातून नेलेली असेल तर ती आजच पीव्हीसी पाइपात घालावी. कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असेल, तर ती सोडून नायलॉनची दोरी लावावी; दरवर्षी पावसाळ्यात याच तारेवर ओला कपडा टाकताना घरातल्या बाईचा जीव जातो, आणि तिला वाचवायला धावलेल्या दुसऱ्याचाही. डुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तिथे हे साधन कोणालाही वाचवेलच असा भरवसा धरता येत नाही. त्याचप्रमाणे आरसीसीबी त्याच्या पुढच्या जोडणीचेच रक्षण करतो; रस्त्यात तुटून पडलेली तार, खांबाची ताणाची तार किंवा डीपीजवळची ओली जमीन यांच्याशी त्याचा संबंध नाही. तिथे जवळ जाऊ नये, जनावरे बांधू नयेत आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. कोणी चिकटलेले दिसले तर आधी मेन स्विच बंद करावा, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने दूर सारावे, आणि १०८ ला फोन लावावा.

बसवलेल्या साधनावर ‘टी’ असे लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबताच पुरवठा सुटला पाहिजे, न सुटल्यास साधन बदलावे. या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती वेगळीच घ्यावी लागते. तारीख लक्षात राहत नसेल तर अमावास्या धरावी, कारण त्या दिवशी अनेक गावांत बैल जुंपत नाहीत आणि घरी थोडी सवड असते. बटण दाबल्यावर बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने महिना लिहावा.