समेटाआधी सलामती

घरी मार खाणाऱ्या बायकांसाठीच्या आमच्या सोलापूरच्या केंद्रात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून नव्याने येणाऱ्या मुलींना मी माझी सगळ्यात मोठी चूक पहिल्याच आठवड्यात सांगते. मला कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. विजापूर वेशीकडची एक विडी वळणारी बाई आली, कानामागे सूज होती. मी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोरासमोर बसवलं, मध्ये त्यांच्या मोहल्ल्यातले मौलानासाब. नवरा रडला, त्याने तौबा केली, सगळ्यांनी हात उचलून दुआ मागितली. घर वाचवलं म्हणून त्या रात्री मी समाधानाने झोपले. तिसऱ्या दिवशी ती सिव्हिलला होती, डावा हात मोडलेला. "चार लोकांसमोर माझी इज्जत काढलीस," एवढंच त्याचं कारण. मी भेटायला गेले तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी कुरआनातल्या ज्या आयतीचा (वचनाचा) आधार घेतला होता ती सूरह निसाची, म्हणजे निसा या अध्यायाची, 35वी. नवरा-बायकोत बेबनाव झाला तर एक पंच त्याच्याकडचा आणि एक तिच्याकडचा नेमा, असं ती सांगते. आयत आपल्या जागी बरोबर आहे, चुकीच्या जागी लावली मी. एक मारतो आणि दुसरी मार खाते, याला मी आता बेबनाव म्हणत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या भीतीने जी बाई खरं बोलू शकत नाही, तिच्यासाठी ती बैठक म्हणजे आणखी एक सापळाच.

म्हणून आता बाई आली की आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं. सोबत सासू असेल, दीर असेल, अगदी आई असली तरी तिला बाहेर बसवायचं. काही प्रश्न मी कधीच सोडत नाही. त्याने कधी गळा दाबलाय का? जिवे मारायची धमकी दिलीय का? मुलं आत्ता कुणाजवळ आहेत? रात्री 2 वाजता दार वाजवलं तर उघडेल असं एक तरी घर आहे का? गळा दाबल्याचं ऐकलं तर समेट हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघत नाही. आधी सिव्हिल, मग बाकीचं. तिथे "शिडीवरून पडले" न सांगता खरं काय ते सांगायला तिला धीर द्या, कारण तो केसपेपर पुढे कोर्टात बोलतो. निकाहनामा, आधार, रेशनकार्ड, विडी कामगाराचं कार्ड, मुलांचे दाखले, सगळ्यांचे फोटो काढून बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगा. तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, तो बहुतेक वेळा नवरा तपासतो. 112 आणि 181 हे नंबर तिला पाठ करायला लावा.

दीनची, म्हणजे धर्माची गोष्ट यानंतर निघते, तीही तिला हवी असेल तरच. एका शिकलेल्या मुलीने मला स्पष्ट सांगितलं होतं, "आपा, मला हदीस (पैगंबरांची वचनं) नको, वकील द्या." तिला वकीलच दिला. पण माझ्याकडे आलेल्या बहुतेक बायका असा प्रश्न विचारतात ज्याचं उत्तर वकिलाजवळ नसतं: "पोलिस में गए तो गुनाह होता क्या आपा?" तिच्या पोटात ही भीती असेपर्यंत तुम्ही कितीही कलमं सांगा, ती तक्रारीवर सही करत नाही. केली तरी दुसऱ्या दिवशी मागे घेते.

तिला मी खौला बिंत सालबा यांची गोष्ट सांगते. नवऱ्याने "तू मला आईच्या पाठीसारखी" म्हणून, म्हणजे बायको म्हणून नाकारून, त्यांना अधांतरी सोडलं. त्या गप्प बसल्या नाहीत, थेट पैगंबरांकडे जाऊन भांडल्या. 58वी सूरह सुरू होते तीच मुळी अल्लाहने त्या बाईची तक्रार ऐकली असं सांगत, आणि तिचं नावच मुजादला, म्हणजे हुज्जत घालणारी. सबर (धीर धरणं) म्हणजे मार खात राहणं, असं जिला लहानपणापासून सांगितलंय, तिचा चेहरा हे ऐकताना बदलतो. मी तो पुष्कळदा पाहिलाय. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकी प्रशिक्षणात मला कुणी सांगितली नव्हती. नई जिंदगी या वस्तीत मुलींना कुरआन शिकवणाऱ्या एका आलिमाने, म्हणजे धर्म शिकलेल्या बाईने सांगितली.

नवरा मात्र निसाची 34वी आयत घेऊन येतो, तिच्यात बायकोला मारायची मुभा आहे असं त्याचं म्हणणं. "कुरआन में हक है हमारा." इथे नवीन मुली दोन प्रकारे चुकतात. एक तर घाबरून विषय बदलतात, नाहीतर अरबी शब्दाच्या अर्थावर त्याच्याशी वाद घालायला बसतात. तो वाद तुम्ही जिंकणार नाही, आणि तेवढा वेळ त्याचा हात हा विषय बाजूला पडतो. त्या आयतीवर आलिमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत, ते त्यांच्यावर सोडा. मी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली हदीस सांगते: पैगंबरांनी आपल्या हाताने कधी कुणा बाईला मारलं नाही, नोकरालाही नाही. आणि विचारते, तुम्ही सुन्नत, म्हणजे वागण्याची रीत, कुणाची पाळता? मग सूरह निसाचीच 19वी आयत, बायकांशी भलेपणाने राहा. नवऱ्याच्या भावाला, मित्राला सांगायला बुखारी या संग्रहातली हदीस आहे: भाऊ जालिम (जुलूम करणारा) असो वा मजलूम (जुलूम सोसणारा), त्याला मदत कर. जालिमला मदत कशी, तर त्याचा हात धरून. हे आपल्याकडच्या पुरुषांना पटकन समजतं.

कायद्यातही याला जोड आहे. 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या नियमांत, 14व्या नियमात, समुपदेशनाच्या वेळी नवऱ्याने मारहाणीचं समर्थन करायचंच नाही असं लिहिलंय. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हे वाक्य तिथे चालत नाही. मी नियम वाचून दाखवते आणि मगच पुढे जाते.

इमामसाबांकडे जाताना वेळ बघा. जुम्याच्या (शुक्रवारच्या) गर्दीत कुणी ऐकत नाही, असर आणि मगरिब या दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजांच्या मध्ये जा. आमच्याकडचे बरेच इमाम बाहेरगावचे, मशिदीच्या ट्रस्टच्या पगारावर जगणारे असतात. ट्रस्टी त्या नवऱ्याचा मामा निघाला तर इमामसाबांची अडचण समजून घ्या, पण बाई कुठे राहते ते त्यांनाही सांगू नका. त्यांच्याकडून निवाडा मागू नका. दोनच गोष्टी मागा: बयानमध्ये (प्रवचनात) या जुलमावर बोला, आणि कुणी बाई रडत आली तर "परत जा" म्हणण्याआधी आम्हाला फोन करा. दोघातिघांनी ऐकलं, एकाने दार लावून घेतलं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या मोहल्ल्यातून आता बायका लवकर येतात, हाड मोडायच्या आधी.

खुलाच्या, म्हणजे बायकोने मागून घेतलेल्या तलाकच्या बाबतीत सावध राहा. मार खाणाऱ्या बाईला सासरचे म्हणतात, खुला घे, मेहर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम) सोड, मोकळी हो. ती थकलेली असते, सही करते. 1939च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात छळ हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि त्या मार्गाने गेल्यावर मेहरवरचा हक्क जात नाही. हे तिला सहीच्या आधी कळायला हवं. 2005चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे: राहत्या घराचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्च, सगळं त्यात येतं. पोटगी मुस्लिम बाईलाही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024ला पुन्हा सांगितलंय. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या, बाईची कमाई किती ते तिथे बघत नाहीत.

मुस्लिम नसलेल्या सहकारी मुलींना एक कळकळीची विनंती. तिच्यासमोर "तुमच्यात असंच असतं ना" म्हणू नका. दारू, मार आणि संशय मी पद्मशाली घरांतही पाहिलाय, लिंगायत घरांतही. आपल्या तक्रारीने सगळ्या जमातीची बदनामी होईल, हे ओझं घेऊन ती तुमच्यापर्यंत आलेली असते. तुमच्या एका वाक्याने ती उठून जाईल, आणि मग बहुधा परत येणार नाही.

केस दाखल झाल्यावरही फोन थांबवू नका, पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे. विडी वळणाऱ्या बायकांसाठी आम्ही एक खूण ठरवली आहे. फोन कुणीही उचलला तरी आम्ही विचारतो, "पानं भिजवली का?" तिने "भिजवली" म्हटलं तर बोलायला मोकळी आहे. "अजून नाही" म्हटलं तर फोन ठेवायचा आणि तासाभराने पुन्हा लावायचा. "पानंच संपली" म्हटलं तर लगेच 112ला फोन करून निघायचं.